'पर्यंत'चं इंग्रजी करताना: 'बाय' कुठे आणि 'अंटिल' कुठे

"मी सातपर्यंत घरी असेन." सातपूरच्या कारखान्यातून गंगापूर रोडवरच्या मित्राला असा निरोप गेला, तर त्यानं सातच्या आधी यायचं की सातनंतर? मराठीत दोन्ही अर्थ बसतात. 'सात वाजायच्या आत मी घरी पोहोचलेलो असेन, मग ये' हा एक. 'सातपर्यंत घरी आहे, नंतर बाहेर पडणार, त्याआधी ये' हा दुसरा. बोलण्याचा सूर, माणसाची सवय आणि आधी झालेलं बोलणं यांवरून आपण नेमकं ओळखतो, त्यामुळे घोटाळा क्वचितच होतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. 'आय विल बी होम बाय सेव्हन' म्हणजे सात वाजता माणूस घरी पोहोचलेला आहे. 'आय विल बी होम अंटिल सेव्हन' म्हणजे सातला तो घर सोडणार आहे. चुकीचा शब्द पडला, तर पाहुण्याला दाराला कुलूप दिसेल.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या इंग्रजीत सर्वांत चिवट चुका या 'पर्यंत'पाशी होतात. भल्याभल्यांच्या ईमेलमध्ये त्या सापडतात, कारण त्या काळाच्या किंवा क्रियापदाच्या चुकांसारख्या कानाला खटकत नाहीत. वाक्य दिसायला ठीक असतं, अर्थ मात्र निसटतो.

बांध आणि बांधाच्या अलीकडचं रान

'पर्यंत' हा शब्द फक्त बांध दाखवतो. बांधाच्या अलीकडे सगळ्या रानात पीक उभं आहे, की रानात कुठेतरी एकच झाड आहे, हे तो सांगत नाही. ते काम क्रियापद करतं. 'पाचपर्यंत थांबतो' यात थांबणं सगळ्या रानभर पसरलेलं आहे, पार बांधाला टेकलेलं. 'पाचपर्यंत पैसे भरतो' यात पैसे भरणं हे एकच झाड आहे. ते तीन वाजता उगवेल, साडेचारला उगवेल, पण बांधाच्या अलीकडे उगवेल.

इंग्रजीत रानभर पसरलेल्या गोष्टीसाठी 'अंटिल' किंवा 'टिल' येतं, आणि बांधाच्या अलीकडच्या एका झाडासाठी 'बाय'. म्हणून 'आय विल वेट अंटिल फाइव्ह', पण 'आय विल पे बाय फाइव्ह'. पुढे जे जे नियम येतील, ते सगळे या एका चित्रातून निघतात. तेवढं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं, की बहुतेक नियम पाठ करायची गरज उरत नाही.

मराठीतच करून बघायची चाचणी

इंग्रजी वाक्य जुळवायच्या आधी मराठी वाक्यावर एक छोटा प्रयोग करा. 'पर्यंत' काढून तिथे 'च्या आत' घाला. वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर 'बाय'. मग 'स्तोवर' घालून बघा. ते बसलं, तर 'अंटिल'.

'अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवा' याचं 'अर्ज शुक्रवारच्या आत पाठवा' सहज होतं. म्हणून 'सेंड द फॉर्म बाय फ्रायडे'. 'दुकान नऊपर्यंत उघडं असतं' याचं 'नऊच्या आत उघडं असतं' केलं तर भलतंच काही होतं, पण 'नऊ वाजेस्तोवर उघडं असतं' चपखल बसतं. म्हणून 'द शॉप इज ओपन अंटिल नाइन'. 'च्या आत' आणि 'बाय' यांच्यात एक बारीक फरक आहे. काटेकोर बोलायचं तर शुक्रवारच्या आत म्हणजे गुरुवारपर्यंतच, आणि 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवारही धरलेला असतो. शब्द निवडण्यापुरती चाचणी पक्की आहे, तारीख मोजताना मात्र हे लक्षात ठेवावं.

'बाय'ची आणखी दोन मराठी जुळी भावंडं आहेत, ती ओळखून ठेवली की काम हलकं होतं. एक 'अखेर'. पतसंस्थेत आणि बँकेत सगळे 'मार्चअखेर' म्हणतात. त्याचं इंग्रजी 'बाय द एंड ऑफ मार्च'. दुसरा शब्द 'एव्हाना'. 'एव्हाना पंचवटी एक्सप्रेस मनमाडला पोहोचली असेल' याला इंग्रजीत 'बाय नाऊ' हाच शब्द हवा: 'द पंचवटी विल हॅव रीच्ड मनमाड बाय नाऊ'.

क्रियापद कोणतं आहे ते आधी बघा

वाट पाहणं, थांबणं, राहणं, झोपणं, काम करत राहणं, चालू असणं, उघडं असणं, वैध असणं या क्रिया पसरणाऱ्या आहेत. 'वेट', 'स्टे', 'स्लीप', 'वर्क', 'कंटिन्यू', 'बी ओपन', 'बी व्हॅलिड' यांच्यामागे 'अंटिल' येतं. पाठवणं, भरणं, पोहोचणं, परत करणं, संपवणं, ठरवणं, कळवणं, पोच करणं या क्रिया एका क्षणी पुऱ्या होतात. 'सेंड', 'पे', 'रीच', 'रिटर्न', 'फिनिश', 'डिसाइड', 'लेट मी नो', 'डिलिव्हर' यांच्यामागे 'बाय'. 'आय विल फिनिश द वर्क अंटिल मंडे' ही आपल्याकडे नेहमी दिसणारी चूक आहे. संपवणं सोमवारपर्यंत रानभर पसरू शकत नाही, काम एकदाच संपतं.

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात आणि तिथे शब्दाबरोबर अर्थ बदलतो. 'रीड द चॅप्टर बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी धडा वाचून झालेला हवा. 'रीड अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत वाचत बसा, संपो न संपो. शिक्षकांनी फळ्यावर चुकून दुसरं लिहिलं, तर धडा न संपवणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही. असणं हे क्रियापदही असंच, सुरुवातीच्या निरोपात तेच होतं.

क्रेटचं उदाहरण घ्या. द्राक्षाच्या हंगामात रिकामे प्लॅस्टिक क्रेट इकडून तिकडे फिरत असतात. 'क्रेट शनिवारपर्यंत ठेवा' आणि 'क्रेट शनिवारपर्यंत परत करा' ही दोन्ही वाक्यं एकाच व्यवहारातली, पण पहिल्यात 'कीप द क्रेट्स अंटिल सॅटरडे' आणि दुसऱ्यात 'रिटर्न द क्रेट्स बाय सॅटरडे'. ठेवणं पसरतं, परत करणं एकदाच होतं.

'बाय'च्या मागे पुरं वाक्य येत नाही

व्याकरणाच्या बाजूनं या दोन शब्दांतला सर्वांत मोठा फरक हा. 'अंटिल' दोन कामं करतं. त्याच्यामागे नुसती वेळ येते, 'अंटिल फाइव्ह'. आणि कर्ता-क्रियापद असलेलं अख्खं वाक्यही येतं, 'अंटिल आय कम'. 'बाय'ला हे जमत नाही. त्याच्यामागे वेळ, दिवस, तारीख, 'नाऊ', 'देन' एवढंच. 'बाय आय कम' हे इंग्रजी नव्हे. वाक्य जोडायचं असेल, तर 'बाय द टाइम' घालावं लागतं.

मराठीत 'येईपर्यंत', 'पोहोचेपर्यंत', 'होईपर्यंत' अशी रूपं दोन्ही अर्थांनी चालतात, म्हणून इथे गफलत होते. 'मी येईपर्यंत इथेच थांब' म्हणजे 'वेट हिअर अंटिल आय कम'. 'आम्ही नाशिकरोडला पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती' म्हणजे 'बाय द टाइम वी रीच्ड नाशिकरोड, द ट्रेन हॅड लेफ्ट'. इथे 'अंटिल' घातलं, तर आपण स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी सुटत राहिली होती, असा विचित्र अर्थ व्हायला लागतो.

'बाय द टाइम' आलं, की मुख्य वाक्यात काळ नेमका लागतो. भूतकाळ असेल तर 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप: 'हॅड लेफ्ट', 'हॅड क्लोज्ड', 'हॅड फिनिश्ड'. भविष्यकाळ असेल तर 'विल हॅव' आणि तिसरं रूप: 'बाय द टाइम यू रीच सीबीएस, द लास्ट बस विल हॅव लेफ्ट' (सीबीएस म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक). साध्या 'बाय'लाही हाच नियम लागतो, पण थोडा सैल. 'बाय फाइव्ह, आय विल फिनिश' चालतं, 'बाय फाइव्ह, आय विल हॅव फिनिश्ड' जास्त नेमकं आहे, कारण त्यात पाचला मागे वळून बघितलं तर काम झालेलं दिसतं. स्पर्धा परीक्षेत रिकामी जागा भरायची असेल आणि पुढे 'विल हॅव' दिसलं, तर 'बाय' किंवा 'बाय द टाइम' आधी तपासावं.

'अंटिल' किंवा 'बाय द टाइम'च्या मागच्या वाक्यात 'विल' येत नाही. 'वेट अंटिल आय विल कम' चूक, 'वेट अंटिल आय कम' बरोबर. अर्थ भविष्याचा असला तरी तिथे वर्तमानकाळच. मराठीतही आपण 'मी येईन पर्यंत' म्हणत नाही, 'मी येईपर्यंत' म्हणतो. तिथे आपली भाषा मदतीलाच येते.

नकार आला की सगळं बदलतं

इथे सावकाश जायला हवं, कारण चांगलं इंग्रजी लिहिणारे लोकही इथे अडखळतात.

पाठवणं, उत्तर देणं, पोहोचणं या एका क्षणाच्या क्रियांना 'अंटिल' चालत नाही, असं वर सांगितलं. पण वाक्यात नकार आला की चालतं. कारण उत्तर देणं हे एक झाड असलं, तरी उत्तर न देणं हे रानभर पसरलेलं मोकळं रान आहे. 'शी डिड नॉट रिप्लाय अंटिल मंडे' हे बरोबर इंग्रजी आहे. त्याचा अर्थ असा, की सोमवारपर्यंत रान मोकळं होतं आणि सोमवारी झाड उगवलं. म्हणजे तिनं उत्तर दिलं, पण सोमवारी दिलं. मराठीत 'तिनं उत्तर दिलं ते थेट सोमवारी' किंवा 'सोमवार उजाडल्यावरच दिलं' हा त्याचा खरा तर्जुमा.

'शी हॅड नॉट रिप्लाइड बाय मंडे' याचा अर्थ निराळा. सोमवारच्या बांधावर उभं राहून मागे पाहिलं, तर उत्तर आलेलं नव्हतं. मंगळवारी आलं की कधीच आलं नाही, यावर हे वाक्य गप्प आहे. मराठीत आपण दोन्हीसाठी 'सोमवारपर्यंत तिनं उत्तर दिलं नाही' असंच म्हणतो. तक्रार अर्जात, ग्राहक आयोगाकडच्या पत्रात किंवा विमा कंपनीला लिहिताना हा फरक महागात पडू शकतो. तक्रारीची दखल अजूनही घेतलेली नाही, असं म्हणायचं असताना 'यू डिड नॉट रिप्लाय अंटिल द ट्वेंटिएथ' लिहिलं, तर वीस तारखेला उत्तर मिळालं हे आपण स्वतःच मान्य केलं असं होतं. तिथे 'यू हॅड नॉट रिप्लाइड बाय द ट्वेंटिएथ', किंवा सरळ 'यू हॅव नॉट रिप्लाइड येट' लिहावं.

आता या विषयातली सर्वांत पसरलेली चूक. 'तुम्ही बिल भरत नाही तोपर्यंत माल निघणार नाही' याचं इंग्रजी आपल्याकडे 'अंटिल यू डोंट पे द बिल, वी विल नॉट डिस्पॅच' असं केलं जातं. यातलं 'डोंट' काढून टाकायला हवं. बरोबर वाक्य: 'अंटिल यू पे द बिल, वी विल नॉट डिस्पॅच द गुड्स'. असं का होतं ते समजलं, की चूक परत होत नाही. मराठीतलं 'जोपर्यंत' रानाचं वर्णन करतं. बिल न भरल्याची अवस्था जिथवर पसरली आहे तिथवर, असा त्याचा रोख असतो, म्हणून त्यात 'नाही' लागतं. इंग्रजीतलं 'अंटिल' रानाचं वर्णन करत नाही, ते थेट बांधाकडे बोट दाखवतं. बांध कोणता? बिल भरल्याचा क्षण. तो क्षण नकाराचा नाही, म्हणून 'डोंट' नको. हिंदीतही 'जब तक नहीं' हीच रचना असल्यामुळे ही चूक देशभर ऐकू येते, आणि कानाला सवयीची झाल्यामुळे ती चूक वाटत नाही.

'जोपर्यंत'मध्ये नकार नसेल तर काय करायचं? 'जोपर्यंत पाऊस पडतोय तोपर्यंत छाटणी करू नका' यात 'अंटिल इट रेन्स' लिहिलं, तर पाऊस सुरू होईस्तोवर छाटणी करू नका, म्हणजे नेमका उलटा सल्ला होतो. इथे रानाचं वर्णन आहे, आणि रानाचं वर्णन करणारा इंग्रजी शब्द 'ॲज लाँग ॲज' किंवा 'व्हाइल': 'डू नॉट प्रून ॲज लाँग ॲज इट इज रेनिंग'. तेव्हा 'जोपर्यंत'मध्ये 'नाही' असेल तर ते काढून 'अंटिल' घाला, आणि 'नाही' नसेल तर 'ॲज लाँग ॲज' घाला.

'अनलेस' हा शब्दही याच गर्दीत घुसतो. 'अनलेस यू पे' म्हणजे पैसे भरले नाहीत तर, ही अट झाली. 'अंटिल यू पे' म्हणजे भरेपर्यंत, ही वेळ झाली. पैसे येणारच आहेत, फक्त कधी ते ठरायचं आहे, तर 'अंटिल'. येतील की नाही याचीच खात्री नसेल, तर 'अनलेस'. 'अनलेस'मध्येही 'नाही' पोटातच आहे, त्यामुळे तिथेही 'डोंट' लागत नाही.

वेळेचा 'पर्यंत' नसेल तेव्हा

मराठी 'पर्यंत' जागेला, मापाला, पैशालाही लागतो. तिथे वरचे दोन्ही शब्द बहुतेक वेळा चुकतात.

'मी तुला द्वारकेपर्यंत सोडतो' (द्वारका म्हणजे नाशिकमधला चौक) यात 'अंटिल द्वारका' नको. 'आय विल ड्रॉप यू ॲट द्वारका' किंवा 'आय विल टेक यू ॲज फार ॲज द्वारका'. क्रिया पसरणारी असेल, तर मात्र जागेलाही 'अंटिल' चालतं: 'स्टे ऑन द बस अंटिल द्वारका', म्हणजे द्वारका येईपर्यंत बसमध्येच रहा.

मापाला 'अप टू'. 'गाडीत दोन टनांपर्यंत माल बसतो' म्हणजे 'द व्हेइकल टेक्स अप टू टू टन्स'. हे दोन वेगळे शब्द आहेत, जोडून लिहायची सवय आपल्या दुकानांच्या पाट्यांनी लावली आहे.

पैशाच्या बाबतीत 'बाय' चुकून आलं, तर हिशेबच बदलतो. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलला १,२०० रुपयांवरून २,००० रुपयांपर्यंत गेला, असं सांगायचं आहे. 'द प्राइस रोझ टू २,०००' बरोबर. 'द प्राइस रोझ बाय २,०००' लिहिलं, तर भाव दोन हजारांनी वाढला, म्हणजे ३,२०० झाला. खरी वाढ आहे ८०० ची, म्हणून 'रोझ बाय ८००' बरोबर ठरेल. बेरीज-वजाबाकीच्या जागी 'बाय' म्हणजे मराठीतला 'नी', 'पर्यंत' नव्हे. टक्केवारीलाही हेच लागू आहे.

आणि मुदत लांबीत सांगितली असेल, तर तिथेही 'बाय' नाही. 'दोन दिवसांपर्यंत पाठवतो' याचं 'बाय टू डेज' होत नाही, कारण दोन दिवस हा बांध नव्हे, ती रानाची लांबी झाली. तिथे 'विदिन टू डेज'. 'इन टू डेज' म्हटलं तर बहुधा दोन दिवसांनी, असा अर्थ घेतला जातो. गिऱ्हाईक उद्याच वाट बघत असेल, तर हा फरक जपावा.

तारीख धरायची की सोडायची

'बाय फ्रायडे' यात शुक्रवार धरलेला असतो. 'बिफोर फ्रायडे' यात धरलेला नसतो, गुरुवारी काम व्हायला हवं. सरकारी आणि परीक्षांच्या सूचनांत 'ऑन ऑर बिफोर' असं लिहितात ते याच शंकेसाठी, आणि मुदत लिहिताना त्याहून पक्का शब्दप्रयोग नाही. त्यातही वेळ लिहून टाकावी: 'बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे'. नुसतं 'बाय फ्रायडे' असेल, तर कोणी ऑफिस सुटेपर्यंत धरतं, कोणी रात्री बारापर्यंत.

'अंटिल'च्या बाबतीत तर इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नसतं. 'द ऑफिस इज क्लोज्ड अंटिल मंडे' वाचून बहुतेक लोक सोमवारी उघडेल असं धरतात. पण 'आय ॲम ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे' यात शुक्रवारी तुम्ही कामावर आहात की नाही, हे सांगता येत नाही. रजेच्या अर्जात म्हणूनच दोन्ही टोकं लिहावीत: 'फ्रॉम ट्यूसडे टू फ्रायडे, बोथ डेज इन्क्लूसिव्ह', आणि पुढे 'आय विल बी बॅक ऑन मंडे'. अमेरिकी कंपनीशी पत्रव्यवहार असेल, तर त्यांचा 'थ्रू फ्रायडे' हा प्रयोग ओळखून ठेवा. त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो.

'आतापर्यंत' आणि 'तोपर्यंत'

'आतापर्यंत' म्हटलं की 'अंटिल नाऊ' सुचतं, पण 'अंटिल नाऊ'मध्ये 'आता बदललं' असा सूर असतो. 'अंटिल नाऊ वी सोल्ड ओन्ली इन नाशिक' म्हणजे आता बाहेरही विकायला लागलो. मोजणी अजून चालूच असेल, तर 'सो फार': 'वी हॅव पॅक्ड ४०० बॉक्सेस सो फार'. 'आजपर्यंत असा भाव मिळाला नव्हता' यात 'अंटिल टुडे' न लिहिता 'वी हॅड नेव्हर गॉट सच अ रेट बिफोर' लिहावं.

'तोपर्यंत' तीन ठिकाणी जातो. 'तोपर्यंत थांब' म्हणजे 'अंटिल देन'. 'तोपर्यंत मी पोहोचलेलो असेन' म्हणजे 'बाय देन'. आणि 'ते येताहेत, तोपर्यंत चहा घ्या' यात दोन्ही नाहीत, तिथे 'इन द मीनटाइम'. पाहुण्याला 'अंटिल देन हॅव टी' म्हणालात, तर तो चहा पीतच बसेल असा अर्थ होतो.

'अंटिल' की 'टिल'

अर्थ एकच. 'टिल' हा 'अंटिल'चा तोकडा अवतार आहे असं अनेकांना वाटतं, पण दोघांत जुना शब्द 'टिल'च आहे. औपचारिक पत्रात, आणि वाक्याच्या सुरुवातीला, 'अंटिल' बरं दिसतं. स्पेलिंगमध्ये मात्र हमखास चूक होते: 'टिल'च्या शेवटी 'एल' दोनदा येतो, 'अंटिल'च्या शेवटी एकदाच. 'टिल डेट' हा आपल्या कार्यालयांतला लाडका प्रयोग भारताबाहेर फारसा चालत नाही, तिथे 'टू डेट' लिहितात.

एक ईमेल दुरुस्त करून बघू

पिंपळगाव बसवंतजवळच्या एखाद्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदाराला असा मजकूर जातो, असं धरा: 'द लॅब रिपोर्ट विल कम अंटिल वेन्सडे. बाय इट कम्स, वी विल कीप द ग्रेप्स इन कोल्ड स्टोरेज. अंटिल युवर ॲडव्हान्स डझंट कम, द कंटेनर विल नॉट लीव्ह. इट विल रीच न्हावा शेवा अंटिल सॅटरडे. धिस रेट इज व्हॅलिड बाय द ट्वेंटिएथ ऑफ मार्च.'

पाच वाक्यं, पाच चुका. अहवाल येणं एकदाच घडतं, म्हणून 'बाय वेन्सडे'. दुसऱ्यात 'इट कम्स' हे पुरं वाक्य मागे आलंय आणि माल ठेवणं पसरणारं आहे, म्हणून 'अंटिल इट कम्स'. तिसऱ्यातलं 'डझंट' जायला हवं: 'अंटिल युवर ॲडव्हान्स कम्स'. परक्या ग्राहकाला हेच 'वी विल डिस्पॅच द कंटेनर ॲज सून ॲज वी रिसीव्ह युवर ॲडव्हान्स' असं लिहिलं, तर जास्त सभ्य वाटतं. पोहोचणं एका क्षणाचं, म्हणून 'बाय सॅटरडे'. दर लागू असणं रानभर पसरलेलं, म्हणून 'व्हॅलिड अंटिल'. तारखेची शंका नको असेल, तर त्यापुढे 'इन्क्लूसिव्ह' जोडावं.

स्वतः करून बघण्यासाठी

खालची वाक्यं आधी मराठीत 'च्या आत' आणि 'स्तोवर' लावून तपासा, मगच उत्तर बघा.

१. फी ३१ तारखेपर्यंत भरा.
२. त्र्यंबकेश्वरला पोहोचेपर्यंत पाऊस चालूच होता.
३. त्र्यंबकेश्वरला पोहोचेपर्यंत पाऊस थांबला होता.
४. डॉक्टर परवानगी देत नाहीत तोपर्यंत कामावर जाऊ नका.
५. जोपर्यंत औषध चालू आहे तोपर्यंत तेलकट खाऊ नका.
६. पार्सल तीन दिवसांपर्यंत मिळेल.
७. दहा वाजेपर्यंत तो उठलाच नाही, मग उठून थेट कॉलेजला गेला.
८. मेअखेर द्राक्षबागेची खरड छाटणी झालेली असेल.

पहिल्यात 'बाय'. दुसऱ्यात पाऊस पडत राहिला, म्हणून 'इट केप्ट रेनिंग अंटिल वी रीच्ड'. तिसऱ्यात पाऊस थांबणं एकदाच झालं आणि मागे पुरं वाक्य आहे, म्हणून 'बाय द टाइम वी रीच्ड, द रेन हॅड स्टॉप्ड'. दुसरं आणि तिसरं शेजारी ठेवून दोनदा वाचा, मराठीत फरक फक्त शेवटच्या क्रियापदात आहे. चौथ्यात 'अंटिल द डॉक्टर अलाउज', 'डझंट' नको. पाचव्यात 'ॲज लाँग ॲज'. सहाव्यात 'विदिन थ्री डेज'. सातव्यात तो दहाला उठला हे पुढच्या शब्दांवरून कळतं, म्हणून 'ही डिड नॉट गेट अप अंटिल टेन'. पुढचे शब्द नसते, तर 'ही हॅड नॉट गॉट अप बाय टेन' हेही बरोबर धरलं असतं. आठव्यात 'बाय द एंड ऑफ मे', आणि क्रियापद 'विल हॅव बीन डन'.